ओकची फळं आणि आमची अकरा मतं

माझ्या सख्ख्या वहिनीची निवडणूक मी जवळजवळ पाडली होती, आणि तीही तिच्या अंगात रक्त वाढवायच्या नादात.

हे आधीच सांगून टाकते. कारण माहेरी ही गोष्ट निघाली की सगळे एकदम बोलायला लागतात, आणि माझी पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असतो.

मी राहते अमरावतीला. माहेर तेल्हाऱ्याच्या अलीकडचं एक गाव. (नाव सांगत नाही. गावानंच तशी विनंती केली आहे.) मागं मी घरबसल्या, मोबाईलवर, आयुर्वेदिक आहाराचा तीन महिन्यांचा कोर्स केला. प्रमाणपत्र आलं, ते बैठकीच्या खोलीत लावलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात साधं जेवण म्हणून काही उरलं नाही. ताटात भाजी पडली की मी तिचा रस, गुण, वीर्य आणि विपाक सांगायची. सांगून होईपर्यंत भाजी थंड व्हायची. "थंड भाजीचा गुण कोणता?" असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. मी भाजीचा आणखी एक घास घेतला. जेवताना रागावू नये, हा सातवा धडा होता.

त्याच वर्षी महिला मंडळाची सहल नैनितालकडे गेली. बाकीच्या बायका तलावापाशी फोटो काढत होत्या, आणि मी डोंगरात एका झाडाखाली थिजून उभी होते. ओकचं झाड! तिकडे त्याला बांज म्हणतात. खाली फळांचा सडा पडलेला. टोपी घातलेल्या सुपारीसारखी फळं, एकेक तुकतुकीत. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण बाळगुटीत उगाळतो ते मायफळ ह्याच जातीच्या झाडावर धरतं. (ते फळ नसतं, किड्यामुळं फांदीवर आलेली गाठ असते, हे मला अकराव्या धड्यात कळलं. तेव्हा मी माझ्या दोन्ही मुलांची मनातल्या मनात माफी मागितली.) मी म्हटलं, नुसती गाठ जर एवढी गुणी, तर खरं फळ किती गुणी असेल! आठ किलो गोळा केली. परतीच्या गाडीत माझ्या कपड्यांना जागा उरली नाही, ते मैत्रिणींच्या पिशव्यांतून आले.

घरी येऊन शोधलं. तुरट रस म्हणजे कषाय, कषाय म्हणजे ग्राही, पोट बांधून धरणारा, एवढं कोर्सच्या वहीत मिळालं. ह्या फळाचं नाव काही मिळालं नाही. मोबाईलवर मात्र मिळालं, की परदेशात कुठं कुठं लोक ह्याचं पीठ करून खातात. फळं भिजवायची, तुरटपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं, मग सोलायची, वाळवायची, दळायची. सोपी कृती होती. मी तिच्यात फक्त थोडी सुधारणा केली.

आता वहिनीकडे येते. माझी सुमनवहिनी ग्रामपंचायतीला उभी होती. महिलांची जागा, समोर उमेदवार कोण, तर आमचीच भावकीतली वनमाला. दोघी चुलतजावा, घरांची भिंत एक, आणि त्या भिंतीवरून रोज एकमेकींकडे भाजीची वाटी जाते. निवडणूक लागली तरी वाटी थांबली नव्हती, फक्त वाटीबरोबर बोलणं थांबलं होतं. वहिनीला चिन्ह मिळालं कढई. मग माझ्या दादानं भंडाऱ्याच्या स्वयंपाकाची ती अजस्र लोखंडी कढई माळ्यावरून उतरवली, ट्रॅक्टरवर चढवली आणि दहा दिवस गावभर फिरवली. वहिनी मागं उन्हात चालत होती. नवव्या दिवशी तिला चक्कर आली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं, "रक्त कमी हाय."

हे फोनवर ऐकलं मात्र, मी फळांची गोणी घेऊन अमरावतीहून निघाले. पोहोचले त्या संध्याकाळीच प्रचार संपला होता. मतदानाला मध्ये दीड दिवस होता. वहिनी ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"काय आनलं वो ताई चुंगडीत?"

"तुह्यं रक्त," मी म्हटलं.

वहिनी दोन वीत मागं सरकली.

दादानं चुंगडीत हात घातला, एक फळ उजेडात धरलं. "सुपारी हाय का हे?"

"फळ हाय दादा. ओकचं."

"खाते कोन हे?"

"अस्वल," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आन मंग?"

"मंग वहिनी."

आमचे आबाकाका, वय ऐंशीच्या पुढं, कोपऱ्यात तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "सुमन, पोरी, अर्ज मागं घ्याची मुदत गेली का वो?"

माझं लक्ष अंगणातल्या कढईकडे गेलं. प्रचार संपल्यामुळं ती बिचारी रिकामी पडली होती. रक्त कमी म्हणजे लोह कमी. लोह कशात? लोखंडात. मग फळं भिजवायची कशात? हीच माझी सुधारणा! कढई माळ्यावर बरीच वर्षं होती, आत थोडा गंज होता. दादा घासायला निघाला, मी त्याला अडवलं. "गंज म्हंजे लोहच हाय दादा. घासलं तं गटारीत जाईन." आठ किलो फळं कढईत, वर चार घागरी पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जांभळं झालं होतं.

"अर्क उतरून राहिला," मी म्हटलं.

दुपारी ते काळं झालं.

"लोह उतरून राहिलं."

दादानं वाकून पाहिलं. "नले, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल असंच दिसते."

पाणी बदलायचं कृतीत लिहिलं होतं, हे मला आठवत होतं. पण एवढं उतरलेलं लोह फेकून द्यायचं माझ्या जिवावर आलं.

त्या दुपारी मी कढईपाशी पाट टाकून फळं सोलायला बसले. आणि इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे अंगणात कुणी काही सोलत बसलेलं दिसलं की येणारा-जाणारा बसतो आणि सोलायला लागतो. तुरीच्या शेंगा असोत, भुईमूग असो. "काय सोलून राहिले?" हे तो पसाभर सोलून झाल्यावर विचारतो. न विचारता बसणं हा चांगुलपणा, आणि सोलणाऱ्याला पाहून उभं राहणं हा आळशीपणा. वहिनी बसली. दादा बसला. दादाची दोन्ही मुलं, सुना, धाकटा भाऊ, त्याची बायको, तिची सासरहून आलेली पण नाव अजून इथल्याच मतदारयादीत असलेली मुलगी, आबा, काकू. मी मोजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मोजावंच लागलं. आमच्या घरची अकराच्या अकरा मतं त्या कढईभोवती बसली होती.

आबांनी एक फळ तोंडात टाकलं. पिशवीची नाडी ओढावी तसं त्यांचं तोंड मिटलं, ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. (गावात बातमी गेली की आबांनी मतदानासाठी मौन धरलं आहे. काही लोकांवर तिचा चांगला परिणाम झाला म्हणतात.)

एवढ्यात माझ्या मनात आलं, निवडणूक आपल्या जागी, शेजार आपल्या जागी. मी मोठं पातेलंभर भिजलेली फळं भिंतीवरून वनमालाला दिली. "सोलून ठेव वो, पीठ करून देतो. ताकदीचं हाय." वनमालानं नुसतं पातेलं घेतलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून चारपाच जण सोलत असल्याचा आवाज आला. मला भरून आलं. जे गावाच्या पुढाऱ्यांना जमलं नाही, ते एका फळानं केलं होतं!

संध्याकाळी हात धुतले. बोटं जांभळट दिसत होती. साबण लावला, ती निळी झाली. राख लावली, ती गडद निळी झाली. "उद्या जाईन," असं म्हणून सगळे झोपले.

सकाळी दादाची हाक आली, आणि ती हाक मला नव्हती, देवाला होती. मी बाहेर आले. अंगणात ओळीनं सगळे उभे, हात पुढं करून. मनगटापर्यंत काळेकुट्ट. माझे दोन सोडून बावीस हात, कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे.

"जाईन हळूहळू," मी म्हटलं. "काही अपाय नाई. कामं करा आपापली."

"आज काय काम हाय, माहीत हाय ना?" वहिनी शांतपणे म्हणाली. तिनं डाव्या हाताचं पहिलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "इथं शाई लावतेत, ताई. ज्याच्या बोटाले आधीच शाई असते, त्याले मत देऊ देत नाईत."

मी ओट्यावर बसले.

आमच्या वॉर्डात मागच्या वेळी चार मतांनी निकाल लागला होता. अकरा मतं आमच्या घरात. वहिनीला स्वतःचंसुद्धा मत देता आलं नाही, तर दहा दिवसांचं ऊन, घसा, चक्कर, सगळं त्या कढईत गेलं. तिचे डोळे भरले नाहीत. तिनं फक्त माझ्या चुंगडीकडे पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं.

"खरं सांगू त्यायले," दादा म्हणाला. "माणसं हायेत, समजतीन."

माझं नाव अमरावतीच्या यादीत, म्हणून मला शाळेपासून शंभर मीटरवर, चुन्याच्या रेघेबाहेर थांबवलं. आत काय झालं ते नंतर अकरा जणांनी अकरा प्रकारे सांगितलं. त्यात सगळ्यात कमी मीठमिरची दादाची, म्हणून तीच देते.

केंद्राध्यक्ष अकोल्याचे एक गुरुजी होते. त्यांनी वहिनीला बोट दाखवायला सांगितलं. वहिनीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"फळ हाय गुरुजी," दादा म्हणाला. "अस्वल खाते थे."

तेवढ्यात मागून वनमालाचा नवरा बंडू उठला. तो तिचा मतदान प्रतिनिधी म्हणून पहाटेच घरातून निघून केंद्रावर येऊन बसला होता. त्याचे हात स्वच्छ. "हरकत! माही हरकत हाय! यायच्या बोटाले आधीच शाई हाय!"

"अहो, पण दहाही बोटांना आहे," गुरुजी म्हणाले.

"म्हंजे दहा वॉर्डात मतदान करून आली थे!"

गुरुजींना हे पटलं नाही, पण हरकत लिहून घ्यावी लागली. त्यातही त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "समजा, मी तुम्हाला परवानगी दिली. मग शाई लावू कुठं? लावली तरी दिसणार कशी?" हे ठरेपर्यंत थांबा, असं ते म्हणाले. आमच्या घरचे बाजूला, व्हरांड्यात, हात मागं बांधून दुपार कलेपर्यंत उभे राहिले. गावातले लोक मतदान करून त्यांच्या समोरून जात होते आणि सांत्वन करत होते.

चुन्याच्या रेघेबाहेर मी कोर्सच्या मॅडमना फोन लावत होते, तो चार वाजता लागला. फी भरल्यावर प्रथमच त्या स्वतः बोलल्या.

"लोखंडात? अहो, लोखंडात कुणी भिजवतं का! तुरट द्रव्य आणि लोखंड म्हणजे शाई. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून जुन्या काळी शाई करत, तीच तुम्ही केलीत. साबणानं आणखी पक्की होणार. लिंबू चोळा, लिंबू!"

"आन वहिनीचं रक्त?"

"एवढं तुरट खाल्लं तर जेवणातलं लोहसुद्धा अंगी लागणार नाही. फेकून द्या ते." मग मॅडमनी आवाज बारीक केला. "प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय का हो तुम्ही?"

मी फोन कट झाल्यासारखं केलं.

लिंबू! अकरा जण, बावीस हात. तेवढी लिंबं गावात एकाच ठिकाणी होती. वनमालाच्या परसात. झाड लिंबांनी वाकलेलं होतं, आणि ते मी रोज भिंतीवरून पाहत होते.

तिच्या दारी गेले. दार आतून लावलेलं. कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी. नलू."

आत कडी सरकली. मग दार चार बोटं उघडलं. वनमालाचे दोन्ही हात पदरात.

"ताई, तुमी काय देल्लं व्हतं काल?" ती कुजबुजली. "करणी हाय का हे? मी सकायपासून बाहेर नाई पडली. सासू, दोन्ही सुना, दोन्ही पोरी, सगळ्या घरात बसल्या. ह्यायले तं माहीतच नाई, पहाटेच केंद्रावर गेले. आमी सहा मतं हावो वो ताई, मी उमेदवार हावो!"

"करणी नाई वो बाई. शाई हाय. लिंबानं जाते. लिंबू तुह्यं, अक्कल माही."

"अक्कल राहू द्या," वनमाला म्हणाली. "लिंबं तोडा."

आम्ही दोघींनी ओच्यात मावतील तेवढी लिंबं तोडली, उरलेली टोपलीत भरली. तिच्या घरच्या सगळ्याजणींना हाका मारल्या. त्या पदराखाली हात घेऊन निघाल्या. भर निवडणुकीत वनमाला आणि मी गावातून सोबत चाललो होतो, ती डोक्यावर टोपली घेऊन पुढं, मी मागं. लोक आपापल्या दारात येऊन बघायला लागले. युती झाली, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

रेघेपाशी पोलिसानं टोपली अडवली. आणि शाळेच्या दारातून बंडूनं फक्त लिंबं पाहिली, ती कोणाच्या डोक्यावर आहेत ते नाही.

"साहेब, लिंबं! केंद्रावर लिंबं घेऊन आले! करणी करून राहिले साहेब, माह्या बायकोवर करणी! पंचनामा करा!"

"तुह्यी बायको मीच हावो!" टोपलीखालून आवाज आला.

बंडू थांबला. वनमालानं टोपली खाली ठेवली, पदर सोडला आणि दोन्ही काळे हात वर केले. तिच्यामागं उभ्या असलेल्या तिच्या घरच्यांनीही केले.

"घ्या हरकत," ती म्हणाली. "लिहा माह्यं नाव. दहा वॉर्डात मतदान करून आली मी."

बंडूचं तोंड आबांच्या तोंडासारखं मिटलं. गुरुजी बाहेर आले होते. त्यांनी सगळं पाहिलं, माझ्याकडून लिंबाचा उपाय ऐकला आणि विचारलं, "बंडूभाऊ, हरकत ठेवायची की मागे घ्यायची?"

"मांगं घेतो साहेब," बंडू म्हणाला. "पन आधी एका बोटाले लिंबू लावून पाहा."

गुरुजींनी एक लिंबू चिरायला लावलं, स्वतः वहिनीच्या बोटावर पिळलं. काळेपणा हळूहळू उतरला, खाली वहिनीचं गव्हाळ बोट निघालं, जरा आंबूस. गुरुजींनी मान हलवली. "ही निवडणुकीची शाई नव्हे. ती लिंबानं गेली असती, तर आजवर लिंबांचा भाव काय झाला असता!"

मग जे दृश्य दिसलं ते त्या शाळेनं कधी पाहिलं नसेल. दोन्ही विरोधी घरं शाळेच्या नळापाशी उकिडवी बसून एकमेकांच्या बोटांना लिंबं चोळत होती. वहिनी वनमालाचं बोट चोळत होती. सोलताना कापलेल्या बोटात लिंबाचा रस गेला की दोन्ही पक्ष सारखेच ओरडत होते. ज्याचं बोट उघडं पडलं, तो पळत रांगेत. फक्त डावं पहिलं बोट धुवायचं, असं गुरुजींनी वेळ वाचवायला सांगितलं होतं, म्हणून आमची सगळी माणसं नऊ काळ्या आणि एका गोऱ्या बोटानिशी मतदान करून आली, आणि त्या एकाच गोऱ्या बोटावर शेवटी गुरुजींनी शाई लावली. सगळ्यांची मतं पडली. आमची अकरा, त्यांची सहा. आबांचं शेवटचं. मतदान संपायला दहा मिनिटं होती.

उरलेली सगळी फळं दादानं बांधावर टाकली. डुकरांनीही दोन दिवस विचार केला म्हणतात.

तेल्हाऱ्याला मतमोजणी झाली. वहिनी निवडून आली, दोन मतांनी. गुलाल उडाला, ट्रॅक्टर सजला, गावात शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. लिंबाची कल्पना कोणाची, हे आता सगळ्यांसमोर सांगितलं जाणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. मी डोकं थोडं पुढं झुकवून ठेवलं होतं, हार घालायला सोपं जावं म्हणून.

वहिनी उठली. भाषणाची सवय नसलेल्या माणसासारखी सरळ बोलायला लागली.

"लोक म्हनतेत, सुमनबाई, तुमच्या विरोधात वनमालाबाई होत्या. नाई भाऊ. वनमालाबाईच्या झाडाची लिंबं नसती, तं मी आज इथं नसती. माह्या विरोधात कोन होतं, थे मी दाखवतो. थे पाहा, पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात बसल्या हायेत. त्यायच्या विरोधात उभं राहून निवडून येनं लय कठीन होतं. पन तुमी साथ देल्ली."

अख्ख्या पटांगणानं टाळ्या वाजवल्या. वनमालानं वाजवल्या, बंडूनं वाजवल्या, आबा तर उभे राहून वाजवत होते.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? आयुष्यात एवढ्या लोकांनी माझ्यासाठी एकदम टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या. मी उठले, पदर सावरला आणि चारी दिशांना वाकून नमस्कार केला.